सैनिकांचे डोळे मी घालवले

सुशीला, तुझा हात थरथरत नव्हता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढं लिहिताना माझी जीभ पुन्हा वळंल आणि मी दुसरंच काहीतरी सांगत बसेन. तुझा हात शेवटच्या दिवसापर्यंत दगडी खांबासारखा होता.

तुला जाऊन आज सदतीस दिवस झाले. संतोष म्हणाला, "बाबा, आईविषयी चार ओळी लिहून द्या. पुण्यात सगळ्यांपुढं वाचायच्यात." गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी त्याच्या त्या खेळवाल्या मित्रांचा मेळावा आहे. तिथं एका टेबलावर तू रंगवलेलं बारकं सैन्य मांडणार, शेजारी तुझा फोटो, आणि पुढं एक पाटी. पाटीवरचा मजकूरही त्यानं ठरवलाय. मला फोनवर वाचून दाखवला: 'हात थरथरत असतानाही या माउलीनं सैन्य रंगवणं सोडलं नाही.' तेराव्याला पाहुण्यांपुढंही तो हेच बोलला होता. तुझ्या धाकट्या बहिणीनं पदर तोंडाला लावला. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, म्हातारा दुःखात आहे. दुःखात होतोच. पण मान त्याच्यासाठी खाली नव्हती.

मी चौथी शिकलेला माणूस. मला अक्षर काढायचं माहीत, लिहायचं माहीत नाही. सारं आयुष्य उमरग्याच्या हायवेला ट्रकांच्या मागं अक्षरं काढण्यात गेलं. कन्नड काढली, तेलुगू काढली. त्यातलं एकही वाचता येत नव्हतं, तरी मालकानं कागदावर दिलं तसं पत्र्यावर उतरवलं, कुणी चूक काढली नाही. आता स्वतःच्या मनातलं उतरवायचंय तर नमुन्याचा कागदच नाही समोर. काना-मात्रा चुकली तर संतोषनं दुरुस्त करावी. शब्द बदलायचे नाहीत.

आपलं भांडण अर्धं राहिलंय, तिथनंच सुरू करतो. मी म्हणायचो, चित्र वीस पावलांवरनं दिसलं पाहिजे. मागनं येणाऱ्या ड्रायव्हरला मोर दिसला पाहिजे, मोराचा पिसारा दिसला पाहिजे, नाहीतर रंग कशाला नासायचा? आणि तू अंगठ्याच्या पेराएवढ्या माणसाच्या कोटाला बटणं काढत बसायचीस. एका कोटाला आठ बटणं! मी विचारलं, "हे कोण बघणार हाय?" तू मान वर न करता म्हणालीस, "ज्याला बघायचंय तो वाकंल की." मी म्हणालो, "चित्रासाठी माणसानं वाकायचं व्हय?" तू म्हणालीस, "तुमच्या मोरासाठी माणसाला गाडी थांबवावी लागत न्हाय, म्हणून तो दुसऱ्या मिनिटाला इसरून बी जातो." हे मला लागलं होतं. त्याचं उत्तर आता सुचून उपयोग काय.

ती खोकी संतोषचीच. लग्नाआधी त्याला हा नाद लागला होता. प्लॅस्टिकचे बारके सैनिक जोडायचे, रंगवायचे आणि टेबलावर फौजा मांडून फासे टाकत लढाई खेळायची. त्याचे रंगवून झाले होते चार, बाकी सगळे करडेच्या करडे. लग्न झाल्यावर सूनबाई म्हणाली, दोन खोल्यांत एक तर खोकी राहतील नाहीतर मी. तिचंही चूक नव्हतं. मग त्यानं ती आपल्या दिवाणात आणून टाकली. दोन वर्षं रजयांखाली पडून होती. नंतर तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं महिनाभर शिलाई मशीन बंद करायला सांगितलं. उभा जन्म लोकांचे ब्लाऊज शिवणारी तू, तुला हात मोकळे ठेवायची सवय कुठली! नव्या डोळ्यानं काय काय दिसतं ते बघायला म्हणून तू दिवाण उचकलास.

हात वेगळे, डोकी वेगळी, बंदुका वेगळ्या, सगळं एका चौकटीला चिकटलेलं. तू नेलकटरनं एकेक सोडवलंस. मी म्हणालो, "म्हातारपणी बाहुल्या खेळायला लागली बाई."

"बाहुल्या न्हाईत. पलटण हाय," तू म्हणालीस.

संतोषनं पुण्याहून रंगाच्या बाटल्या धाडल्या. पाण्यात कालवायचे रंग, थेंबाथेंबानं काढायचे. स्टीलच्या ताटलीत ओलं फडकं, त्यावर कागद, कागदावर रंग, म्हणजे वाळत नाहीत, हे तू तुझ्या मनानं काढलंस का त्यानं शिकवलं, मला आजवर माहीत नाही. विचारलं नाही कधी. मी रंगारी होतो ना, मी कशाला विचारतोय? पण खिडकीत बसून पेपरच्या आडनं बघत होतो. आमचा रंग सपाट असतो, चकाचक. तू कोट रंगवल्यावर काळं पातळ पाणी करून त्यावर सोडायचीस. ते चुण्यांत जाऊन बसायचं आणि कोट एकदम कोट वाटायचा, अंगात घातलेला. कापडाची चुणी बगलेत कुठं पडते, कोपरावर कुठं ताणते, हे तुला शिकवायला कुणी लागलं नाही. चाळीस वर्षं तेच केलेलं.

डोळे सगळ्यांत शेवटी. पांढरा ठिपका, आणि त्यावर सुईच्या टोकानं काळा. त्या वेळी तू श्वास धरायचीस. मी मुद्दाम खोकायचो. एकदा तर ताट पाडलं. तुझा ठिपका जिथं पडायचा तिथंच पडला. तू फक्त म्हणालीस, "भांडी घासणारी पडली आजारी, आता ताट तुमीच घासा." आणि पुढचा सैनिक घेतलास.

पुण्यात जे कोणी ऐकतील त्यांनी ह्या ताटाचं ध्यानात ठेवावं.

खेळाला दोन फौजा लागतात म्हणून तू गंगाक्काला धरून आणलंस. पुण्याच्या माणसांना गंगाक्का माहीत नसणार. आमच्या गल्लीत बांगड्यांचं आणि टिकल्या-पावडरीचं दुकान आहे तिचं. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि भांडायला दोन्ही. तिनं तिची फौज दुकानातल्या नेलपॉलिशनं रंगवली. जांभळे घोडे, गुलाबी तोफा. संतोष फोटो बघून म्हणाला, ही फौज आहे का वरात? गंगाक्का म्हणाली, "वरात तर वरात. नवरदेव तुझ्या आईला पळवून न्हेईल बग."

नियमाचं पुस्तक इंग्रजी. संतोषनं फोनवर सांगितलं आणि तू मापाच्या वहीत लिहून घेतलंस. एका पानावर कुणाची छाती, कंबर, बाही. दुसऱ्या पानावर पायदळ सहा इंच, घोडा दहा इंच, तोफेला एक पाळी सोडून. मोजायला शिलाईचाच टेप. उपडी परात म्हणजे डोंगर, जुन्या साडीचा निळा फॉल म्हणजे नदी. दुकानाच्या सुट्टीच्या दुपारी दिवाणावर तुमचं युद्ध सुरू व्हायचं.

"घोडा नदी वलांडत न्हाय," तू.

"का? घोडा हाय का शेळी हाय?"

"वहीत लिवलंय. खोल पाण्यात घोडा घालायचा न्हाय."

"वही तुझी, नदी तुझी, साडी बी तुझीच. मी आपली इथं मरायलाच आलेय की!"

"मग मर की. फासा टाक."

"अण्णा, तुमी सांगा हो, घोडा पवतो का न्हाय?"

मी पेपरातनं डोकं न काढता म्हणायचो, "दोन्ही फौजांनी मिळून आदी भाकरी टाका. एक वाजला."

गंगाक्का तुला म्हणायची, "ह्यांनाच तोफेच्या तोंडी देऊ का गं?" तू म्हणायचीस, "नगं. तोफ वाया जाईल." आणि दोघी पोट धरून हसायच्या. मी चिडायचो. आता एक वाजतो, भाकरी वेळेवर मिळते, समोरची वहिनी डबा पाठवते.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत संतोष गाडी घेऊन आला, बरोबर चार मित्र. शिकली-सवरलेली, चष्मेवाली मोठी माणसं आपल्या फरशीवर पालथी पडली होती तुझी पलटण बघायला. "काकू, चुण्या कशा जमवल्या? काकू, ह्याचे डोळे बघा, हा घाबरलेला दिसतोय!" तू पदर सावरत म्हणालीस, "त्यो घाबरलाच हाय. नवीन भरती हाय." मी त्यांच्यातल्या एकाला माझ्या ट्रकांचं सांगायला गेलो. सहा फुटी गरुड काढला होता मी एकदा. सोलापूरपासून हैदराबादपर्यंत ड्रायव्हर लोकं नाव घ्यायची त्या गरुडाचं. तो म्हणाला, "अरे वा, काका," आणि पुन्हा पालथा पडला. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. ट्रकांना आता छापील स्टिकर चिकटवतात. माझ्या हातचं एकसुद्धा काम रस्त्यावर उरलेलं नाही, आणि तुझ्या अंगठ्याएवढ्या माणसांचे फोटो पुण्याला गेले. मला राग आला होता, सुशीला. तुझा. हेही लिहून ठेवतो.

त्या लोकांनी तुला बोलावणं धाडलं. पुढच्या दिवाळीनंतर काकूंनी सगळं सैन्य घेऊन मेळाव्याला यावं. तू होय म्हणालीस. लग्नानंतर पहिल्यांदा तू मला न विचारता कशाला तरी होय म्हणाली होतीस. मग नवरात्रात तुला दम लागायला लागला, सोलापूरला दवाखान्यात न्यावं लागलं. संतोष तुझ्याजवळ थांबला. मी एका रात्रीपुरता घरी आलो, तुझी लुगडी न्यायला. निघताना तू कॉटवरनं दोन वाक्यं बोललीस. "माझ्या पलटणीवर फडकं टाका, धूळ बसंल. हात लावू नका."

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. ट्रकचं चित्रकाम झालं की शेवटी त्यावर क्लिअर मारतात. पाण्यासारखा नितळ, चमकता थर. मग ऊन, पाऊस, चिखल, काही लागत नाही. क्लिअर न मारता गाडी रस्त्याला सोडायची नाही. ज्यानं सोडली तो रंगारी नव्हे. तुझं सैन्य पुण्याला निघालेलं. मोठा रस्ता, धूळ, लोकांचे हात. आणि त्यावर क्लिअर नाही. संतोष मागं म्हणाला होता, बाबा, ह्याला वेगळं पाण्याचं वॉर्निश असतं, मी आणतो. मी मनात म्हणालो होतो, तू कालचा पोरगा मला वॉर्निश शिकवणार.

भर दुपारी गॅरेजातनं स्प्रेगन मागून आणली. अंगणात फळी टाकली. तुझे सगळे सैनिक ओळीनं उभे केले, पायदळ, घोडेस्वार, तोफवाले, तो नवीन भरतीचासुद्धा. थर पातळ बसावा म्हणून क्लिअरमध्ये थिनर जरा जास्तच घातलं. पहिल्या ओळीवर हात फिरला आणि काय झळकले गं! मला ते पालथे पडलेले चष्मेवाले आठवले. म्हणलं, आता बघा म्हणावं.

तुझं काम टिकावं असं मला वाटत होतं, हे खरं. तुझ्या सैन्यावर माझ्या हातचं काहीतरी असावं, हेही खरं. त्यातलं कुठलं किती होतं, ते मला अजून निवडता येत नाही.

सकाळी बघितलं. थिनर पत्र्याला काही करत नाही. प्लॅस्टिकला ते खातं. तापलेल्या दुधावर साय गोळा व्हावी तसे गाल गोळा झाले होते. नाकं बसली होती. बोटं बंदुकीला चिकटून एक झाली होती. आणि डोळे वाहून गालांवर आले होते. एकालाही तोंड राहिलं नव्हतं. मी फळीपाशी उकिडवा बसलो, आणि तेव्हा पहिल्यांदा, सुशीला, मी वाकून तुझं काम बघितलं. कोटाची बटणं तेवढी शाबूत होती.

मग काय केलं सांगू? सगळे उचलून खोक्यात ठेवले. वर तुझं फडकं टाकलं. लुगड्यांची पिशवी घेतली आणि एस.टी. धरली. दवाखान्यात तू विचारलंस, "फडकं टाकलं का?"

"टाकलं," म्हणलं.

तू घरी आलीस त्या दिवशी हातपाय धुवायच्या आधी खोकं उघडलंस. मी दाराला टेकून उभा होतो. मनाची तयारी केली होती. आता ही ओरडंल, तोंडाला येईल ते बोलंल, खोकं माझ्या अंगावर फेकंल. फेकावं असंच वाटत होतं. तू एक सैनिक उचललास, उजेडाला धरलास, वास घेतलास. लई वेळ धरलास. म्हणालीस, "डोळे गेले हो ह्यांचे." एवढंच. मग उठून न्हाणीत गेलीस. नळ सुरू झाला आणि लवकर बंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून संतोषचा व्हिडिओ कॉल आला. "आई, पुण्याची तयारी कुठवर?" मी तुझ्या शेजारी खुर्चीत बसलो होतो. मला वाटलं, आता सांगेल. तू त्या खराब झालेल्यातला एक सैनिक फोनपुढं धरलास आणि म्हणालीस, "हात हालायला लागलाय रे माझा. औषधाचं असंल. बग की कसा झालाय. न्हाय जमायचं पुण्याला."

आणि तू हात हलवलास. फोनपुढं, मुद्दाम, थरथर करून दाखवलास. आयुष्यात खोटं न बोललेली बाई तू, पण नाटक असं केलंस की माझाच विश्वास बसला असता. पोरगा रडला. "असू दे गं आई, असू दे." मी शेजारी बसून होतो. तोंड उघडायला मला तेवढाच वेळ होता आणि मी उघडलं नाही. त्याच संध्याकाळी दिवे लावायच्या आधी, कमी उजेडात, तू ब्लाऊजच्या हुकासाठी सुई ओवलीस. पहिल्या झटक्यात.

पुढचे तीन महिने तू तीच पलटण पुन्हा करत होतीस. वर बसलेला थर निघत नव्हता. तू सुईनं खरवडायचीस, डोळ्यांच्या खोबणी नव्यानं कोरायचीस, दम लागला की थांबायचीस, परत घ्यायचीस. एकवीस झाले. मी सोलापूरहून बारीकातला बारीक ब्रश आणून ताटलीजवळ ठेवला. तू तो उचललास, टोक बघितलंस, "चांगला हाय" म्हणालीस आणि जुन्याच ब्रशनं काम केलंस. दोन-तीनदा मी सुरुवात केली, "अगं, त्या दिवशी मी..." दर वेळी तू मधेच म्हणालीस, "च्या टाकू का?" मला साखरेचा आजार. तरी टाकायचीस, आणि मी प्यायचो. दोघं पाठीला पाठ लावल्यासारखे बसायचो.

तुझ्यावर माझा राग आहे तो ह्याचा. माझी अब्रू झाकलीस म्हणावं, तर झाकलेलं माणूस आत गुदमरतं हे तुला कळत नव्हतं का? तुला सगळं कळायचं. मग म्हणूनच झाकलंस का? ती माया होती का शिक्षा होती? हेच एक मला विचारायचं होतं. चाळीस वर्षांत तू मला भाजीतल्या मिठावरनं बोललीस, उशिरा येण्यावरनं बोललीस, बिडीवरनं आठ दिवस अबोला धरलास. आणि एवढं मोठं केलं तेव्हा एक शब्द नाही. मी तेवढ्याच्याही लायकीचा उरलो नव्हतो, असं मी धरून चाललोय. दुसरं काही असंल तर तू ते बरोबर घेऊन गेलीस.

परवा गंगाक्का आली. तिची ती वरात चपलेच्या खोक्यात घालून आणली होती. म्हणाली, "ही बी पुण्याला धाडा. एकल्या फौजेला कोण लढाई म्हणतंय?" मी तिला पाटीवरचा मजकूर सांगितला. तिनं खोकं खाली ठेवलं.

"कुणाचा हात थरथरत हुता?"

"सुशीलाचा. शेवटी शेवटी."

"अण्णा, मी ह्या गावातल्या निम्म्या बायकांचे हात धरलेत. थरथरत्या हाताला चुडा भरताना काच कशी वाजती मला म्हाईत न्हाय व्हय? संक्रांतीच्या आदल्या दिशी सुशीला डझनभर बांगड्या भरल्या मी. एक किणकिणली न्हाय. इल्ला, न्हाईच! हे खोटं कुणी लिवलं?"

"संतोषनं."

"त्याला कुणी सांगितलं?"

"तिनंच."

"आन् ती का सांगंल असं?"

मी सांगितलं. फळी, स्प्रेगन, थिनर, सगळं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. वाटलं होतं, ती तोंडावर थुंकंल. तिनं तुझा एक सैनिक घेतला, नखानं त्याचा गाल खरवडला, आणि म्हणाली, "नेलपॉलिशच्या बाटल्यांत बसून जलम गेला माझा. मला वास आला हुता. सुशी बोलली न्हाय म्हणून मी इचारलं न्हाय. तिची गोष्ट, तिनं सांगावी."

"मग आता मी काय करू?"

"मला काय इचारता? मला सांगून तुमी मोकळं झालाव व्हय? उभ्या जल्मात दुसऱ्याच्या गाडीवर लिवलं. आता एकदा सोताचं लिवा, आन् पोराला सांगा." जाता जाता दारातनं मागं वळून बोलली, "आन् घोडे नीट धरा माझे. तुमी काय काय फवाराल, भरवसा न्हाय."

काल संतोषला फोन केला. म्हणलं, पाटी बदल. आणि जे गंगाक्काला सांगितलं तेच सांगितलं. तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही शेजारीच बसला होता, बाबा. मला स्क्रीनवर तुमचा गुडघा दिसत होता."

"व्हय."

"मी तीन महिने आईला रोज सांगत होतो. जपून रंगव, मनगट टेकवून रंगव, थकलीस तर सोड. ती ऐकून घेत होती. व्हय रे बाबा, टेकवते, म्हणायची. आणि तुम्ही तिथंच असायचा."

"व्हय."

"तिनं जे झाकलं ते मी लोकांपुढं कसं उघडं करू? तिला चाललं असतं का?"

"न्हाय चाललं असतं," म्हणलं.

"मग?"

"मग काय. लोकं तिच्या कामाला बिचारीचं काम म्हणणार. बिचारी नव्हती ती. मी बिघडवल्यावर बी एकवीस तोंडं परत काढली तिनं. ते तिचं हाय. थरथर माझ्या नावावर मांड."

त्यानं फोन ठेवला. अजून केला नाही. हे लिहून होईल ते खोक्यांबरोबर पाठवतो. तो वाचंल का नाही, माहीत नाही. बापाची अशी गोष्ट चारचौघांत वाचायची म्हणजे त्यालाही सोपं नाही, आणि त्याला माझ्याबद्दल आता काय वाटतं ते विचारायची माझ्यात हिंमत नाही.

म्हणून रविवारी मी स्वतः पुण्याला जातोय. त्यानं वाचलं तर मागच्या रांगेत बसून ऐकीन. नाही वाचलं तर तुझ्या टेबलाशी उभा राहीन. जो कुणी सैन्याजवळ येऊन म्हणेल, अरेरे, हात थरथरत होता काकूंचा, त्याला सांगेन, नाही हो, हे मी केलं, ह्या एकवीसांत बघा तिचा हात. एकेकाला सांगेन. पाय दुखले तरी सांगेन. काही हसतील, काही तोंड फिरवतील. संतोष कदाचित ओळखही दाखवणार नाही.

तू असतीस तर मागनं माझा सदरा ओढला असतास आणि हळू आवाजात म्हणाली असतीस, बास करा आता, चला घरी. आणि मी गप बसलो असतो. खरं सांगतो, लगेच गप बसलो असतो. तू नाहीस म्हणूनच हे माझ्या तोंडातनं निघतंय, आणि सैन्य बिघडवल्यापेक्षा मला ह्याचीच लाज जास्त वाटते.